जाड भिंती, लेचेपेचे युक्तिवाद

वाड्यांविषयी सध्या मराठीत दोन सुरांत बोलले जाते, आणि दोन्ही ऐकून आमचे कान किटले आहेत. पहिला सूर चर्चासत्रांतला. वाड्याची जाड भिंत म्हणजे बाहेरच्या कोलाहलाला दिलेला नकार; तिच्याआड आंतरजाल पोहोचत नाही हे आपले भाग्य; त्या निवांतपणात वाचन होते, मनन होते, वगैरे. दुसरा सूर भाऊबंदांच्या बैठकीतला. दगडी भिंतींतून वायफाय जात नाही, पोरांचे नुकसान होते आहे, तेव्हा पाडा एकदाचा आणि फ्लॅट घ्या. एक जण भिंतीला ओवाळतो, दुसरा तिच्यावर पहार उगारतो. गृहीतक मात्र दोघांचे एकच आहे: भिंत आहे म्हणून रेंज नाही. ते तपासून पाहण्याचे कष्ट या दोघांपैकी कोणी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आम्ही घेतले, तेही उशिरा आणि नाइलाजाने. आणि त्यानंतर दोन्ही पक्षांशी भांडणे हे आमचे कर्तव्य होऊन बसले आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि वाईला एका जुन्या वाड्यात राहतो. वाडा पाच भाऊबंदांचा. खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा विटा-मातीचा, लाकडी खांब-तुळयांत बसवलेला. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत आम्ही टेप लावून मोजली, ती सव्वादोन फूट भरली. (वाडा संस्कृतीवर आम्ही विद्यार्थिदशेत पानेच्या पाने लिहिली आहेत, भिंत मोजण्याचा प्रसंग पंचेचाळिशीत आला.) मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुढे तासिका घरातून घ्यायची वेळ आली, तेव्हा घाईघाईने फायबरची जोडणी घेतली. तार टाकायला आलेल्या मुलाने ती दिंडी दरवाजावरून आत ओढली, पहिल्या खोलीत म्हणजे सोप्यात आणली आणि विचारले, "कुठं बसवायचा?" थोरल्या काकांनी कोनाड्याकडे बोट दाखवले. कोनाडा रिकामाच होता. पूर्वी तिथे दिवा असे, आता राउटर लुकलुकू लागला. सर्वांना ते शोभिवंत वाटले. आमच्यापैकी एकाने तर त्यावर वर्गात एक वाक्यही टाकले होते. ते इथे उद्धृत करण्याची आमची इच्छा नाही.

कोनाडा म्हणजे भिंतीच्या पोटात कोरलेली जागा. मागे दगड, डावीउजवीकडे दगड, वर दगड, खाली दगड. तिथे ठेवलेल्या राउटरला मोकळी दिशा एकच, समोरची. आणि आमच्या सोप्यात त्या समोरच्या बाजूला रस्त्याकडची खिडकी आहे. म्हणजे महिन्याचे पैसे आम्ही भरत होतो आणि उत्तम रेंज रस्त्याला मिळत होती. समोरच्या पारावर बसणाऱ्या मंडळींना आमच्या जोडणीचे नाव आमच्यापेक्षा अधिक परिचयाचे होते, हे आम्हांला फार नंतर कळले.

आता त्या चार वर्षांत रेंज कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे पाहा. सोप्यात मिळाली. सोपा म्हणजे दूरचित्रवाणी, वर्तमानपत्र, आल्यागेल्यांची बैठक; म्हणजे घरातले पुरुष. माजघरात तुटक तुटक. स्वयंपाकघरात नाही. माडीवरच्या मागच्या खोलीत अजिबात नाही. वहिनींचा मसाल्यांचा लहानसा व्यवसाय आहे, मागण्या व्हॉट्सॲपवर येतात. दिवसभर त्या चुलीपाशी असत आणि सकाळी आलेला निरोप त्यांना संध्याकाळी सोप्यात केर काढायला आल्यावर दिसे. पुतणी सी.ए.ची तयारी करते. तिचे वर्ग रात्री नऊला. माडीवर तिची स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, दिवा आहे. पण वर्गासाठी तिला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसावे लागे, कारण तिथे सोप्याचे दार समोर येते. डोक्यावर शाल, कानांत इयरफोन, मांडीवर पुस्तक, आणि बाजूला काकांच्या बातम्या चाललेल्या. एका जानेवारीत तिला आठवडाभर ताप होता. "काकू, पायरीवरनं उठले की सर मधेच गोठतात," असे ती सांगे आणि आम्ही सहानुभूतीने मान हलवून म्हणत असू, "काय करणार, भिंती जाड आहेत."

ही मान हलवणे आम्हांला आज सर्वांत लाजिरवाणे वाटते. वाड्याच्या रचनेत स्त्रीचा वावर आतल्या चौकाकडे, माजघराकडे कसा ढकलला गेला यावर आम्ही दोघांनीही निबंध वाचले आहेत. आणि आमच्याच घरात वायफायची वर्तुळे नेमक्या त्याच जुन्या नकाशावर पडली होती. बैठकीला झोत, माजघराला कवडसा, मागच्या खोलीला अंधार. फरक एवढाच की तो नकाशा या वेळी कोणा पूर्वजाने आखला नव्हता, आम्ही चौघांनी उभे राहून कोनाड्याकडे बोट दाखवताना आखला होता. भिंतीने यात काय केले? ती तिथे दीडदोनशे वर्षे उभीच होती.

तक्रार केली तेव्हा दुसरा एक तंत्रज्ञ आला. त्याने पहिल्या वाक्यातच निकाल दिला: "सर, भिंती लई जाड हायेत. बूस्टर घ्या." बूस्टर घेतला. तो कुठे लावायचा? जिथे रेंज नाही तिथे, असे आम्हांला वाटले. त्यालाही तसेच वाटले. माडीवरच्या खोलीत लावला. फोनवर रेंजच्या कांड्या पूर्ण भरल्या आणि पान उघडेना. या उपकरणाचे खरे नाव पुनरावर्तक. ते ऐकतो तेच पुन्हा उच्चारतो. ज्याला काही ऐकूच येत नाही तो उच्चारणार काय? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे अजून चांगले ऐकू येते तिथे. शिवाय स्वस्तातला पुनरावर्तक एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, दोन्ही एका वेळी करू शकत नाही, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. कांड्या फोन आणि पुनरावर्तक यांच्यातले अंतर सांगतात. पुनरावर्तक आणि राउटर यांच्यात काय चालले आहे याविषयी त्या मौन पाळतात. पुतणीने दोन दिवसांनी तो काढून ठेवला आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

मग आम्ही जे करायला हवे होते ते केले. डेसिबल म्हणजे काय ते वाचले. इथे वाचकांनी थोडा धीर धरावा. मराठीचे अध्यापक भौतिकशास्त्र सांगू लागले की वर्गातही चुळबुळ होते. लहर भिंतीतून जाताना तिची शक्ती घटते ती बेरीज-वजाबाकीने घटत नाही, पटीने घटते. १० डेसिबल घट म्हणजे दहावा भाग उरला; २० म्हणजे शंभरावा; ३० म्हणजे हजारावा. पहिल्या जाड भिंतीनंतर जे उरते त्याचा तितकाच छोटा अंश दुसरीनंतर उरतो. म्हणून एक भिंत चालून जाते आणि दुसरी सगळे संपवते. दगड ओला असेल तर घट आणखी वाढते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. वाईच्या पावसाळ्यात आमचे माजघर हिवाळ्यापेक्षा का रुसते याचा उलगडा झाला. वायफायचे दोन पट्टे सर्वत्र वापरात आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटर. दुसरा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा. लाकडी दार, पोकळ फळी, काच यांतून दोन्ही बऱ्यापैकी जातात. आरसा आणि लोखंडी कपाट मात्र त्यांना परत फिरवतात. आमच्या सोप्यात दोन्ही आहेत, आणि दोन्ही माजघराच्या भिंतीला टेकून.

फोनवर एक मोफत ॲप घेऊन घरभर हिंडलो. आकडे ऋण असतात. शून्याच्या जितके जवळ तितके बरे. चलचित्र न अडखळता चालायला ऋण ६७ च्या आसपास हवे असे साधारण मानतात. सोप्यात ऋण ४५, माजघरात ऋण ७९, माडीवर ऋण ८८. ही टिपणे आम्ही विद्यार्थ्यांच्या हजेरीपत्रकाच्या मागे केली. चार वर्षे "रेंज येत नाही" या एका वाक्यात जे गुंडाळले होते त्याचे असे तुकडे झाले, आणि तुकडे झाल्याबरोबर उपायही दिसू लागला.

एक गैरसमज मात्र आमचाही होता. आम्हांला वाटे, राउटर अधिक ताकदीचा घेतला की झाले. चार शिंगांचा, सहा शिंगांचा. पण हे आकाशवाणीचे प्रक्षेपण नव्हे. फोनलाही उत्तर द्यावे लागते, आणि त्याच्या खिशाएवढ्या देहातला प्रेषक दुबळाच असतो. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली तरी फोनचा ओ त्याच सव्वादोन फुटांतून परत यावा लागतो. म्हणून शक्ती वाढवण्यापेक्षा अंतर आणि अडथळे कमी करणे हाच मार्ग उरतो. म्हणजेच तार.

आता आम्ही आमच्या विषयाकडे येतो, म्हणजे शब्दाकडे. 'बिनतारी' हा शब्द मराठीत तारायंत्राच्या काळापासून आहे, चांगला रुळलेला आहे, आणि आमच्या मते त्यानेच आपल्याला बिघडवले आहे. आंतरजाल तारेतूनच येते. समुद्राखालून, रस्त्याखालून, खांबांवरून, दिंडी दरवाजावरून येते. बिनतारी असतो तो शेवटचा वीस फुटांचा टप्पा. तो किती फुटांचा असावा हे घराने ठरवायचे असते. पण 'बिनतारी' म्हटल्यावर तार ओढणे म्हणजे मागासपणा, शोभेचा भंग, असे वाटू लागते. आणि 'वायफाय'? हा 'वायरलेस फिडेलिटी'चा संक्षेप असल्याचे आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापलेले असते. तो कशाचाच संक्षेप नाही. १९९९ साली एका नाममुद्रा घडवणाऱ्या कंपनीने 'हायफाय'शी यमक जुळवून तो तयार केला. 'फिडेलिटी' मागाहून एका घोषवाक्यात चिकटली. व्युत्पत्ती शिकवणाऱ्यांनी निदान एवढे तरी तपासून सांगावे.

आणि भिंत ही लहरींची जन्मजात वैरीण आहे असे मानणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे बिनतारी लहर पाठवून घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली. त्यांच्या संशोधनातल्या लहरी तर मिलिमीटरांत मोजण्याइतक्या आखूड असत. तेव्हा भिंत होतीच. उपकरण कुठे ठेवायचे ते त्यांना ठाऊक होते.

पहिल्या पक्षाला आमचा सवाल असा. जाड भिंतीआडच्या शांततेचे गुणगान करणारे आपण सारे ते गुणगान ईमेलने पाठवतो. रेंज नसलेल्या माजघराविषयी कोणी माजघरातून लिहिले आहे काय? नकार द्यायचा तर आधी वस्तू हाती यावी लागते. राउटर बंद करण्याची कळ त्याच्या पाठीला असते; ज्याला मनन करायचे आहे त्याने ती दाबावी. पुतणीला ती निवड कधी मिळालीच नव्हती, आणि तिच्या वंचनेला प्रतिकार म्हणणे हा साहित्यिकांचा आळस आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश संपादित केला तो याच वाईत. पहिला खंड १९७६ साली निघाला. आज सारा विश्वकोश आंतरजालावर विनामूल्य खुला आहे. त्याच गावातल्या आमच्या माजघरात त्याचे एक पान उघडायला पंचांग पाहावे लागे. या परिस्थितीत काव्य शोधणाऱ्यांना आमचा नमस्कार.

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. १९८५ चे नाटक. त्यातला गंजत पडलेला ट्रॅक्टर हे कशाचे प्रतीक आहे यावर दहा गुणांचा प्रश्न असतो आणि विद्यार्थी सरंजामी मूल्यांच्या पडझडीवर दोन पाने लिहितात. बरोबरच लिहितात. परंतु तो ट्रॅक्टर कोणी दुरुस्त का करत नाही, हा प्रश्न आम्ही एकाही वर्गात विचारला नाही. नाटककाराने तो ट्रॅक्टर जिथे ठेवला तिथे फार विचारपूर्वक ठेवला आहे. प्रतीक एकदा हाती आले की वस्तूकडे पाहायचे नाही, ही सवय आमची, समीक्षेची. कोनाड्यातल्या राउटरवर वर्गात वाक्य टाकणारे आम्हीच.

दुसऱ्या पक्षाला उत्तर देणे अधिक तातडीचे, कारण त्यांच्या हाती कागद आहेत. वाडे पडतात त्याची कारणे सर्वांना माहीत असतात: वाटण्या न झालेले हिस्से, १९४७ च्या भाडे कायद्याने गोठवलेली आणि १९९९ च्या कायद्यानंतरही फारशी न हललेली जुनी भाडी, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरचे अबोले. ही कारणे खरी आहेत आणि त्यांवर बोलावे. पण ती बोलायला कटू असतात, म्हणून पोरांची रेंज पुढे केली जाते. मुलांचे नाव घेतले की बैठकीत कोणी विरोध करत नाही. बरे, सात मजली इमारतीत काय होते? तिथल्या स्लॅबमध्ये आणि खांबांत लोखंडी सळ्यांची जाळी असते. ती लहरींना दगडाइतकीच, कधी अधिक अडवते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर दहा-बारा राउटर असले की ते तिघांच्या पंगतीत बसलेल्या बाराजणांसारखे एकमेकांच्या पानात हात घालतात. आमच्या वाड्यात शेजाऱ्याचा एकही राउटर दिसत नाही. सव्वादोन फुटांच्या भिंतीचा हा फायदा कोणत्याही बैठकीत कोणी नोंदवला नाही.

आणि चौक! दोन्ही पक्षांना चौक दिसत नाही याचे आम्हांला राहून राहून आश्चर्य वाटते. वाड्याच्या बहुतेक खोल्या चौकाकडे तोंड करून असतात. दारे लाकडी, वरच्या मजल्यावर लाकडी कठडा. मधली मोकळी जागा ओलांडायला लहरीला काहीच पडत नाही. सोप्यातून माजघरात भिंतीतून घुसण्याऐवजी तीच लहर चौकातून दारावाटे आत जाऊ शकते. वारा आणि उजेड ज्या वाटेने आत यावा म्हणून बांधणाऱ्यांनी चौक ठेवला, ती वाट आयती होती.

केले ते इतकेच. राउटर कोनाड्यातून काढून माडीच्या चौकाकडच्या सज्जात, उंचावर, छताखाली टांगला. एक शिंग उभे ठेवले आणि एक आडवे, कारण शिंगाच्या टोकाच्या दिशेने लहर क्षीण असते आणि आम्हांला वरखाली दोन्हीकडे हवी होती. त्याच्यापासून एक जाड डेटाची तार मागच्या बाजूला नेली. भिंतीला भोक पाडावे लागेल म्हणून काका आधीच रागावले होते. भोक पाडावे लागले नाही. स्वयंपाकघराच्या वरच्या अंगाला धूर जायला ठेवलेला झरोका होता, चूल गेल्यापासून त्यात चिमण्या राहत. त्यातून तार गेली. (चिमण्यांची सोय शेजारच्या खिडकीत केली आहे.) पावसात येणारा भाग नळीतून घेतला. पलीकडे एक दुसरे लहान उपकरण, ॲक्सेस पॉइंट, त्याच तारेवर जोडले आणि दोघांना एकच नाव, एकच परवलीचा शब्द दिला, म्हणजे फोन खोलीगणिक आपोआप जवळचा निवडतो. तार तीस मीटर लागली. अशा तारेतून शंभर मीटरपर्यंत वेग कमी होत नाही. एकूण खर्च निकामी बूस्टरपेक्षा थोडा अधिक, एका रविवारचे काम. विजेच्या तारांतून डेटा नेणारी उपकरणेही मिळतात. आमच्या वाड्यातले वायरिंग पाहून वायरमननेच हात जोडले.

माडीवर आता ऋण ५५. माजघरात ऋण ५८. वहिनींचा फोन स्वयंपाकघरात वाजतो. पूर्वी मोबाइलची रेंजही तिथे नसे, आता कॉल वायफायवरून येतो. पहिल्या आठवड्यात त्यांना फोडणी टाकता टाकता तीनदा गॅस बंद करावा लागला आणि त्यांनी आम्हांला दोन शब्दही सुनावले. पुतणी रात्री नऊला तिच्या खोलीचे दार लावून घेते. काकांना सोप्यात एकटे बातम्या पाहणे आवडेनासे झाले आहे. परवा ते स्वतःच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलेले दिसले.

भाऊबंदांची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. पुण्याच्या चुलतभावाने पाठवलेल्या विषयपत्रिकेतून रेंजचा मुद्दा गळला आहे. त्या जागी पार्किंग आले आहे.